भावकी

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
मसाला बाजाराकडून वारा फिरला की
आम्ही सगळे एकदम शिंकतो
आणि मग हसतो, मास्कच्या आत.

आज तीन नळ्या आल्या. सात, बारा, पंधरा.
खपलीचा कण, बोळ्यावरची ओल.
माणसं पालिकेच्या यादीत राहिली,
इथवर फक्त आकडे येतात.

यंत्र स्टेपलरएवढं.
रात्रभर त्यातून धागा ओवला जातो,
ए, सी, जी, टी,
एक लाख सत्त्याण्णव हजार अक्षरं,
आणि त्यांत आम्ही शोधतो
एखाददुसरी चूक.

चूक त्याची नसते.
तो शिरतो तेव्हा आपलंच शरीर
त्याची अक्षरं खरवडू लागतं.
टीच्या शेजारचा सी पुसून तिथेही टी,
एवढंच त्याला जमतं.
बहुतेकदा विषाणू त्यात संपतो.
वाचला, तर ते गोंदण घेऊनच पुढच्या अंगावर जातो.
ज्याच्यावर गोंदण जास्त
तो जास्त माणसांतून आलेला.

गडहिंग्लजला आमच्या दारात हेळवी यायचा,
बैलावरून, घंटा हलवत.
चोपडी उघडून एका सुरात वाचायचा,
अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे,
आणि एका जागी खोकायचा.
वडील म्हणायचे, हं, पुढं.
पायलीभर भात त्याच्या पोत्यात पडायचा.

खूप वर्षांनी कळलं, त्या खोकल्याच्या जागी
सोनाक्का नावाची मुलगी होती.
देवी आलेली. मळ्यातल्या खोपीत ठेवलेली.
वडिलांच्या दंडावर लशीचा गोल व्रण होता,
तो त्यांनी कधी झाकला नाही.
हा आताचा रोग
त्याच देवीच्या भावकीतला.

सात नंबर कोण, ते मला कळायला नको होतं.
पण नमुने घेऊन आलेल्या घरतबाई दारातच बोलून गेल्या.
मस्कतहून आलाय. कोपरखैरण्याला राहतो.
सोसायटीनं लिफ्ट बंद केली त्याला,
पार्किंगसुद्धा फिनाइलनं धुतलं.
खालच्या सलूनवाल्याला फोड आले ना, तो बारा,
मग कळंबोलीचा ट्रकवरचा क्लीनर, तो पंधरा.
सगळे म्हणतात, ह्यानंच आणला.

पहाटे चारला झाड उमटलं.
बारा आणि पंधरा एका फांदीवर.
सात पार पलीकडे.
त्याच्यावरची दोन गोंदणं
या दोघांपैकी कुणावरच नाहीत.
निदान या दोघांना तरी
त्यानं काहीही दिलेलं नाही.

अहवालात यासाठी रकाना नाही.
शेऱ्यात मी लिहिलं,
'सात व बारा यांचा थेट संबंध आढळत नाही.'
रेजी म्हणाला, याने लिफ्ट सुरू होईल?
मी म्हटलं, घरतबाईंना फोन लाव. आत्ता नको, सातला लाव.

मग राहिले बारा आणि पंधरा.
पंधरावर तीन खुणा जास्त.
तीन खुणा म्हणजे साधारण सहा महिने,
सहा महिने म्हणजे काही माणसं,
जी कुठल्याच नळीत नाहीत.
झाडावर तिथं नुसती एक रेघ,
लांब, सरळ, कुणाच्याही नावाची नसलेली.

रेघेत कुणीतरी
बाही मनगटापर्यंत ओढून कामाला जातंय.
टॉवेल वेगळा वाळत घालतंय.
कुणीतरी खपल्या पडायचे दिवस मोजतंय
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या खुणांत मिसळून.
बरंही झालं असेल. किंवा नसेल.
मी ती रेघ पडद्यावर मोठी केली, आणखी मोठी.
रेघ रेघच राहिली.

खाली कचऱ्याच्या गाड्या डेपोकडे वळू लागल्या.
पाठवण्याआधी अहवाल मोठ्यानं वाचायची
मला सवय आहे.
नंबर, तारखा, फांद्या, एका सुरात.
त्या रेघेपाशी आले आणि घसा खवखवला.

मिरचीचा वारा सुटायला अजून अवकाश होता.