शुक्रवारची यादी

रात्रपाळी सुटली, सोहारच्या बंदरावर
सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर
संघ लिहितोय.
दहा नावं भराभर.
अकरावं अडतं.

परकारभाई, गेले पाच डाव:
चार, शून्य, नऊ, शून्य, एक.
चेंडू मॅटवरून उठेपर्यंत
तुमची बॅट अजून जयगडलाच.

तो नवा वेल्डर पोरगा
हेल्मेटशिवाय हुक मारतो.
पन्नास षटकं कुठली इथे, तीसच;
अकरा वाजले की ऊनच
अंपायर होऊन बेल्स उचलतं.

तुमचं नाव लिहिलं. खोडलं.
किट तुमच्याच डिकीत,
बर्फाचा डबाही.
खोडलेलंही वाचता येतं म्हणून
पुन्हा गिरवून खोडलं.

पहाटे पाचला खाली हॉर्न.
यादी विचारलीच नाहीत.
कानामागे स्कोअरची पेन्सिल,
टोक काढलेली.