बाणातला ण

मार्लो क्रीकच्या शाळेत यंदा बारावीला अकरा मुलं.
सात फुटबॉलमध्ये, तीन बँडमध्ये,
आणि एक, तो मायलो, दोन्हीकडे:
मध्यंतरात हेल्मेट काढून
त्याच घामेजल्या जर्सीत ट्रॉम्बोन उचलतो.

मी खाण्याच्या खिडकीत.
पालकांच्या पाळ्या असतात, यादी ऑगस्टपासून फ्रिजवर.
नाचोजवर चीज सोडायचा पंप अर्ध्यात अडतो,
त्याला खालून एक चापट लागते. हे मला
लॉरेटा क्विगलीनं शिकवलं, पहिल्याच शुक्रवारी,
नाव विचारायच्या आधी.

धावफलकावरच्या आठाची एक पट्टी विझलीय,
त्यामुळे आपले अठ्ठावीस सव्वीस दिसतात.
कुणी दुरुस्त करत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.
पाहुण्यांना आपण सांगतो.
आपण म्हणाले मी. असू दे.

माईकवर व्हर्नन टेलकँप.
गावातलं एकुलतं फ्युनरल होम त्याचं.
मंगळवारी ज्या आवाजात
मिसेस डोर्नला निरोप द्यायची वेळ सांगितली
त्याच आवाजात शुक्रवारी टचडाउन म्हणतो.
घाई कशातच नाही.

चार वर्षं तो माझ्या मुलीला मिरनमे म्हणत आला.
क्लॅरिनेटवर, मिरनमे.
ती निमूट हात वर करायची.
मीही मनावर घेतलं नाही. मी तरी इथे कोण,
सू. सुहासिनीतलं उरलेलं.

गेल्या बुधवारी तो औषधांच्या दुकानात आला, माझ्या काउंटरवर.
रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पैसे दिले, आणि हललाच नाही.
शुक्रवारी बारावीचा निरोप आहे, म्हणाला. नीट म्हणायचंय.

ऋ मी सोडूनच दिला, र वर भागवलं.
पण ण.
जीभ मागे वळव, टाळूला टेकव, मग सोड.
बाण. बाण म्हण.
तो आधी बॅन म्हणाला, मग बार्न;
शेतकऱ्यांच्या गावात शेवटी कोठारच आठवणार.
मागे रांगेत दोघं. कुणी कुरकुरलं नाही,
एकानं तर हळूच स्वतः करून पाहिला.
अकराव्या खेपेला आला. कच्चा, पण ण.

पावतीच्या पाठीवर त्यानं कसल्याशा खुणा केल्या.
अर्थ काय, विचारलं.
मातीची, मी म्हटलं. मातीची घडलेली.
त्यानं पावतीची घडी घातली, खिशात ठेवली.
मातीशी माझं रोजचंच आहे, म्हणाला.

आज मध्यंतर. कोको गॅसवर तसाच ठेवून
अ‍ॅप्रनसकट मी मैदानात उतरले.
नवरा ओमाहाहून थेट, टाय अजून गळ्यात.
मुलं एकेक करून आईबापांबरोबर
पन्नासाच्या रेषेपर्यंत चालतात, आडनावांच्या क्रमानं.
सबनीस. मग टेलकँप.

मृण्मयी सबनीस.

भोंग्यातून निघालं, कापलेल्या मक्यावरून गेलं,
पाण्याच्या टाकीला आपटून परत आलं
आणि ण शाबूत होता.
पोरीनं हात वर केला नाही.
वळून वर, केबिनकडे पाहत राहिली.

मग पुढचं नाव.
आलं नाही.
माईक चालू होता, श्वास ऐकू येत होता.
मायलो रेषेच्या अलीकडे थांबलेला,
एका बाजूला आई,
बापाच्या बाजूला ट्रॉम्बोन.
त्या बापाची वेळही व्हर्ननंच सांगितली होती,
दोन वर्षांपूर्वी, कुठेही न अडखळता.
आपल्याच मुलाची.

मायलो. तीन अक्षरं. एकही ण नाही.

आधी लॉरेटा ओरडली, खिडकीतून, हातात चिमटा.
मग बँड. मग बाकांवरचे सगळे,
आणि पलीकडून, पाहुण्यांतलंही कुणीतरी
ज्याला तो कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.
मायलो चालू लागला.

मी खिडकीत परतले तेव्हा
कोको तळाला लागला होता.
तसाच विकला, पन्नास सेंट कमी करून.