कोपराचं माप

लादी उचलण्याआधी घेवरराम तिच्यावर बोट वाजवतो,
दुसऱ्याचं दार वाजवावं तसं, हळू.
खणखणली तर सलग.
बद्द वाजली तर आत कुठंतरी केसाएवढा तडा आहे,
डोळ्यांना दिसत नाही, ब्लेडला सापडतो
नेमका शेवटच्या फुटात.

कुडाळच्या हायवेला आमचा कारखाना.
कारखाना म्हणजे चार पत्रे, एक कटर, पाण्याची टाकी
आणि रेलून उभ्या लाद्या,
शेवटची एस्टी चुकल्यासारख्या.

देवबागला मथुराबाई तांडेलांकडे ओट्याचं माप घ्यायला गेलो.
भिंत जांभ्याची. गिलावा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला.
चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला, मऊ,
मग वारा खात खात घट्ट होतो.
तोवर जसा बसला तसा बसला.
ही भिंत ज्यानं बांधली
तो ओळंबा घरीच विसरून आला असावा.
गुण्या लावला: इकडे बोट शिरेना,
तिकडे अख्खी मूठ.
मग पुठ्ठा धरून
भिंतीचा वाकडेपणा पेन्सिलीनं उतरवून घेतला.
ग्रॅनाइटची समजूत घालता येते. भिंतीची नाही.

उंची बत्तीस, मी म्हटलं. सगळ्यांची तीच असते.
"सगळी म्हंजे कोण रे?"
भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
पाठ पुरती लागलीच नाही.
हात दुमडला. "ह्यां माजा कोपर.
हेच्या खाली चार बोटां."
टेप एकोणतीसला थांबली, एक सूत कमीच.

मुलगा कुवेतहून फोनवर, स्पीकर चालू:
स्टँडर्ड ठेवा हं. उद्या घर काढलं तर गिऱ्हाईक बघतं.
ती काही बोलली नाही.
चार बोटं पुन्हा तिथंच ठेवली.

दोन दिवस कापलं. पाण्याबरोबर ग्रॅनाइटचं दूध वाहतं,
वाळलं की भुवयांवर, चहात, घेवररामच्या खोकल्यात.
मग पॉलिश: पन्नास नंबर, शंभर, दोनशे, चारशे,
आठशेला पत्र्याचं छप्पर दिसायला लागतं,
तीन हजारला त्यातलं भोकही.

सिंकसाठी कापलेला लंबगोल मागं ढिगावर टाकला.
तिथं असे खूप आहेत. कुणी धुण्याला नेतं, कुणी तुळशीखाली.
एकदा वेंगुर्ल्याचे पाद्री एक घेऊन गेले,
लहान मापाचाच हवा म्हणाले. आम्ही पुढं विचारलं नाही.

ओटा बसवला त्या दिवशी मथुराबाई हात फिरवून म्हणाली,
"बरो झालो. भोकातलो तुकडो खय टाकलास?
तो माका व्हयो."

पुढच्या खेपेला टेंपोत घालून नेला.
मागच्या दारी, माडाच्या आळ्याशेजारी
तिनं तो वाळूत बसवला, पाण्यानं धुतला,
समोर बसकण मारली
आणि बांगड्याची डोकी उडवायला लागली.
आत एकोणतीस इंचांवर
चहाचा कप आणि मोबाईल.

मोबाईल वाजला. हात मच्छीचे,
मला म्हणाली, घे तू.
झालं का काम? स्टँडर्ड ना?

हो, म्हटलं. स्टँडर्डच.