पंच्याचा हत्ती

केबिन आठ हजार दोनशे चौदा.
बार्बाडोसला चढलेलं कुटुंब: आई, बाप, साडेचार वर्षांची पोर.
तिचं नाव मला यादीतून कळलं,
बाकी सगळं चादरीवरून:
रात्री कुठल्या कुशीला वळते,
कुठली बिस्किटं उशीखाली लपवते,
कुठल्या दिवशी समुद्र तिच्या पोटात ढवळला.

माझी खोली पाण्याच्या रेषेखाली, बिनखिडकीची.
समुद्र मी बघितला
तो त्यांच्या बाल्कनीची काच पुसताना.

संध्याकाळी ती जेवायला गेली की
पलंगावर एक जनावर ठेवून यायचो.
टॉवेलचा हंस. हँगरला लोंबणारं माकड.
ग्रेनाडाला ससा. बोनेरला,
जिथं मिठागरात फ्लेमिंगो पाय बदलत उभे असतात,
फ्लेमिंगो करायला गेलो, बदक झालं.
तिनं एकही मोडू दिलं नाही.
सोफ्यावर रांग लावली
आणि वाकड्या अक्षरांत चिठ्ठी:
झोपलीत. उठवू नका.

शेवटच्या सकाळी ते उतरले.
मी सातही उठवली.
झटकली की नुसते टॉवेल असतात.
अकराला धुलाई, दीडला दुसरं कुटुंब.

वडगावात आमची रेणूही साडेचारचीच.
नऊ महिने मी तिला मोबाइलएवढा माहीत होतो.
दारातून अख्खा आत आलो
तेव्हा आईच्या पदराआडून म्हणाली,
"एवढा मोठा आहे होय हा?"

तिला जहाज बघायचं होतं.
किल्ला तलावावर नेलं, पायडलच्या बोटीत बसवलं.
तिचे पाय पोचेनात, दोघांचं मीच मारत होतो.
जाकीट घातलेली माणसं तिनं शाळेतल्या कन्नडात मोजली,
ओंदु, एरडु, मूरु,
मग चार,
कारण चार तिला मराठीतलाच आवडतो.
मधोमध विचारलं, "आता कुठलं गाव येणार?"
म्हटलं, कुरासाव. रंगीत घरांचं.
"तिथनं खानापूरला गाडी मिळते काय?"
रस्त्यावर धारवाडच्या बसनं हॉर्न दिला.
मी म्हटलं, मिळते.

घरी आल्यावर भारती म्हणाली,
"तिकडच्या पोरींना रोज करतोस म्हणे. हिलाबी कर की एक."
टॉवेल वाळत नव्हते कुठलेच.
दोरीवर अप्पांचा पंचा होता,
त्यांच्याच मागावरचा,
माग भंगारात गेले त्या वर्षी उरलेल्या सुताचा.

जहाजाचे टॉवेल जाड, मानेत ताठ.
पंचा अंग पुसून पुसून
पलीकडचा दिवा दिसेल इतका पातळ.
पाय आले, सोंड आली, कान ओढून काढले,
हात सोडला
आणि हत्तीनं बसकण मारली.
पुन्हा उभा केला. पुन्हा बसला.
नऊ महिन्यांत दीड हजार जनावरं उभी केलेला मी
घरच्या कपड्यापुढं घामाघूम.

रेणूनं वाकून त्याची सोंड सरळ केली.
"दमलाय तो," म्हणाली, "लांबनं आलाय न्हवं."
आणि त्याच्या अंगावर
स्वतःच्या पांघरुणाचं टोक ओढलं.

सकाळी न्हाणीतून अप्पांची हाक:
"पंचा कुठं गेला रे?"
मी उठलो. सवयीनं हात हत्तीकडं गेला.
रेणू खोलीच्या दारात आडवी, दोन्ही हात पसरून,
ती चिठ्ठी तिला मी कधी सांगितली नव्हती:
"झोपलाय. उठवू नका."

अप्पा ओल्या धोतरानं बाहेर आले.
एकदा तिच्याकडं बघितलं,
एकदा आपल्या पंच्याकडं,
घडी कुठं चुकली ते त्यांच्या नजरेनं धरलं असणार,
पण बोलले नाहीत.
अंगणात उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले,
हात अंगापासून जरा लांब धरून,
गार फरशीवर
या पायावरून त्या पायावर.