गेटपास

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यावर
तिथे एका मालिकेचं शूटिंग झालं.
गेट उघडायला खराच वॉचमन मिळाला म्हणून
बाबांना घेतलं. पाचशे रुपये आणि नाश्त्याचं पाकीट.

पाचवा भाग. तेवीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.
बाबा येतात, कडी ओढतात,
गाडीकडे न बघता रजिस्टरकडे बघतात,
सवयीनं.
चालते-फिरते बाबा आता तेवढेच.

लॅपटॉपवर थांबवून स्क्रीनशॉट घेतला. काळा.
जुन्या टीव्हीला वायर जोडली,
आवाज आला, चित्र नाही.
मोबाइलने पडद्याचा फोटो काढला तर
खाकी शर्टावर हिरवे-जांभळे पट्टे,
गॅरेजपुढच्या डबक्यावर तेल तरंगावं तसे.
शेजारचा ओजस म्हणाला, काका,
ब्राउझरमध्येच कुलूप असतं ते.
किल्लीही आपल्याच मशीनमध्ये असते,
फक्त आपल्याला दिसत नाही.
महिनाअखेरीस मालिकाच काढतायत म्हणे.

एकोणतीस वर्षं बाबांनी
सुटणाऱ्या पाळीचे डबे उघडून बघितले.
गेटपास नाही तर एक नटसुद्धा बाहेर नाही.
सख्ख्या मेव्हण्याचाही डबा,
भाताखाली बोट घालून.
मामा त्यानंतर गणपतीला आला नाही.

काल तो काळा स्क्रीनशॉट
पुसायला म्हणून पुन्हा उघडला.
चित्र अडवलंय त्यांनी, पक्कं.
खालची एक ओळ मात्र निसटलीय,
पांढऱ्या अक्षरांत:
[गेट उघडल्याचा आवाज]

ती मी ठेवलीय.
भाताखाली.