एक भागिले पन्नास

फुजी नदीच्या पुलावर तशी पाटी नाही,
पण वीज तिथे बदलते.
पूर्वेला सेकंदात पन्नास हेलकावे,
पश्चिमेला साठ.
माणसांना कळत नाही.
मोटारींना कळतं.

इनागाकी कियोए योशिवाराहून शिमिझूला आल्या,
मुलीकडे, कायमच्या,
आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या दुकानाच्या दारात,
निळ्या फडक्यात बांधलेला टेपरेकॉर्डर छातीशी धरून.
म्हणाल्या, "यांना झालंय काय, बघा.
चाळीस वर्षांत इतकं भरभर कधी बोलले नाहीत."

मी फीत लावली.
कागद कारखान्याच्या गोदामातली यादी वाचत होतं कुणी,
चिरक्या आवाजात, मागे कुत्रं लागल्यासारखं:
जाड पुठ्ठा, बेचाळीस रिळं. पातळ, सतरा.
मग खोकला. तोही घाईत.
आणि शेवटी, "कियोए, चालू आहे ना गं हे?"

मला हसू आलं. आवरलं.

ज्यांच्या हाताखाली मी डाख द्यायला शिकले
ते म्हातारे ओइशी म्हणायचे,
"पन्नास म्हणू नकोस. पन्नास म्हणजे नुसती गर्दी.
एक सेकंद ही तोफूची एक वडी समज.
पन्नास जण जेवायला बसले,
तर एकेकाच्या वाट्याला किती? ते सांग.
तेवढाच एका हेलकाव्याचा वेळ."
एक भागिले पन्नास. वीस मिलिसेकंद.
सुरी स्वच्छ निघते.
आणि साठ बसले की?
सोळा पूर्णांक सहा, सहा, सहा…
"सहा लिहीत बसलीस तर दुकान बंद करायची वेळ होईल,"
असं म्हणून स्वतःच आणखी दोन लिहायचे.

बाईंना मी एवढंच सांगितलं:
ही मोटार घड्याळ बघत नाही, हेलकावे मोजते,
ठरलेले भरले की एक फेरी पुरी.
इथे ते लवकर भरतात.
तिकडचं सहा मिनिटांचं बोलणं
इथे पाचात संपतं.
"मग एक मिनिट गेलं कुठे?"
"कुठेही नाही. फितीतच आहे."
त्यांनी फितीकडे पाहिलं,
जसं काही मी ते काढून घेतलं होतं.

बारा मिलिमीटरची पितळी कप्पी
लेथवर दहाची केली. पाऊण तास.
मग पुन्हा जाड पुठ्ठा, बेचाळीस रिळं,
पण आता जड, संथ,
शब्दाशब्दाला चष्मा वर सरकवणारा माणूस.
बाई स्टुलावर, हात मांडीत, मान खाली.

सवयीने मी ऑसिलोस्कोपची सुई लावली.
दोन शब्दांमधली शांतता शांत नव्हती:
काचेवर एक बारीक हिरवी लाट.
एक घर पाच मिलिसेकंदांचं.
मी मोजलं. एका हेलकाव्याला चार घरं,
बरोबर चार.
शिमिझूची वीज असती
तर तीन घरं आणि वर एक तृतीयांश,
कधीही न संपणाऱ्या सहांसकट.

"ही तुमच्या जुन्या घरातली वीज आहे," मी म्हटलं,
"त्या संध्याकाळची.
त्यांच्या आवाजाबरोबर आत शिरली."
बाईंनी काचेवर बोट टेकवलं,
एक, दोन, तीन, चार.
पुन्हा पहिल्या घरापासून.
"शेगडीवरचा दिवा," त्या म्हणाल्या.
"गुणगुणायचा. बदलतो, बदलतो म्हणत राहिले."
मग थोड्या वेळाने,
"आळशीच होते."

माझ्या छतावरची दिव्याची नळीही गुणगुणत होती,
साठाच्या हिशोबाने.
दोन्ही गुणगुणी एकमेकींत मिसळून
सेकंदाला दहादा थरथरत होत्या.
ते मी सांगितलं नाही.

बिल अर्ध्या तासाचं केलं.
त्यांनी फडक्याची गाठ दोनदा बांधली
आणि दारातून वळून विचारलं,
"मुलगी पुन्हा पलीकडे राहायला गेली तर?"
मी म्हटलं, बारा मिलिमीटरची नवी करून देईन.
पितळेचा कीस अजून टेबलावर होता.
झाडायचा राहिला.