मागून दुसरा बाक

स्काइस्ते, सातवी ब, मागून दुसरा बाक.
त्रिकोण अर्धा, मान खिडकीकडे.
"बाहेर काय ठेवलंय?" मी ओरडायचे.
एकदा तिने खरंच उत्तर दिलं:
"करकोचा आहे, बाई. पंखच हलवत नाहीये."
भूमितीत मी तिला नापास केलं. दोनदा.

आता मी एकसष्टची, पुढच्या सीटवर,
पट्टे आवळलेले, गुडघ्यांमध्ये दांडा,
आणि मागच्या सीटवर ती.
समोर काचेवर चिकटवलेला लोकरीचा लाल दोरा,
बोटभर. तो सरळ राहायला हवा, एवढंच.
माझा पाय चुकतो.
"दोरा पळाला, बाई.
आकड्यांत काय बघताय? बाहेर बघा."

उडणं सहा मिनिटांचं. बाकी शनिवार ढकलण्यात जातो:
ओल्या गवतातून ग्लायडर ढकला,
पंखाचं टोक धरून धावा,
पंखांवर मेलेले किडे फडक्याने पुसा,
वहीत वेळा लिहा. अक्षर चांगलं म्हणून
ते माझ्याच गळ्यात पडलं.
विंचवर ब्रोन्युस, कानात कापूस,
जुन्या ट्रकच्या इंजिनाला शिव्या देत गोंजारणारा.
दुपारी त्याच्या बरणीतलं बिटाचं गार सूप,
सगळ्यांच्या मिशा गुलाबी. माझीसुद्धा.

दोर ताणतो. गवत पळतं, मग दिसतच नाही.
पोटातलं सगळं पाठीला जाऊन टेकतं.
खट्. दोर सुटला.
लोक म्हणतात, वर शांतता असते. नसते.
काचेच्या फटीतून वारा शिट्टी घालतो,
उकळी यायच्या आधी किटली घालते तशी.
खाली नेमुनस वळसा घेऊन पुन्हा स्वतःकडेच येते.
नांगरलेल्या शेतावर तीन करकोचे गोल फिरतायत.
"त्यांच्यात शिरा," ती म्हणते, "त्यांना हवा कळते."
एक पंख खाली. सीटखालून कुणीतरी उचलतं.

चौतीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढली,
त्रिज्या, परीघ, स्पर्शिका,
एकाही वर्तुळात बसले नव्हते.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ती उतरली.
मागचे रिकामे पट्टे एकमेकांत अडकवले,
लहान मुलाच्या स्वेटरची बटणं लावावीत तसे,
आणि काही न बोलता पंखाचं टोक धरून उभी राहिली.

ग्लायडर हलका झाला होता, उसळलाच.
"स्काइस्ते, दोरा सरळ आहे ना?"
मी मोठ्यांदा विचारलं.
मागे कुणी नव्हतं.
दोरा सरळ होता.

उतरताना दोन टणके बसले.
मग रिवाजाप्रमाणे काटेरी फुलांचा गुच्छ,
त्यात खाजकुइलीसारखं काहीतरी मुद्दाम खुपसलेलं.
"घट्ट धरा, बाई. सैल धरलं की जास्त टोचतं."
ब्रोन्युस हसत होता. मला रडू आलं ते काट्यांनी,
असं मी त्याला सांगितलं.

माझ्या वहीत तिने लिहिलं:
एकटीने. सात मिनिटं. उतरताना दोन उड्या, सूधारणा हवी.
सु ऱ्हस्व.
मी काही बोलले नाही.